फिल्म तुमची, स्कॅन कुणाचा?

छातीचा सीटी करून पेशंट सेंटरबाहेर पडतो तेव्हा त्याच्याकडे तीन वस्तू असतात. सेंटरचं नाव छापलेली मोठी प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात दोन-तीन फिल्म. त्याच पिशवीत दोन पानांचा टाइप केलेला रिपोर्ट. आणि मोबाइलवर आलेली एक लिंक. पिशवी दुमडायची नाही, उन्हात गाडीत विसरायची नाही (थर्मल फिल्म तापली की काळवंडते), म्हणून घरी ती कपाटावर आडवी जाऊन बसते. मोठ्या डॉक्टरांना दाखवायला, पुढच्या तपासणीला, विम्याच्या क्लेमला तीच पिशवी काखेत घेऊन माणसं एसटीत चढतात. आणि या तीन वस्तूंपैकी एकही म्हणजे स्कॅन नव्हे.

स्कॅन म्हणजे मशीनने मोजलेले आकडे. सीटीची एक स्लाइस ५१२ गुणिले ५१२ चौकोनांची असते, प्रत्येक चौकोनाला दोन बाइट लागतात, म्हणजे एका स्लाइसला अर्धा एमबी. छातीचा ३५ सेंटिमीटरचा भाग एक-एक मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये काढला तर ३५० स्लाइस होतात आणि फाइल १७५ एमबीची. तोच भाग पाच मिलिमीटरच्या जाड स्लाइसमध्ये ठेवला तर ७० स्लाइस आणि ३५ एमबी. चौदा बाय सतरा इंची फिल्मच्या एका पानावर वीस-तीस चौकटी बसतात. म्हणजे दोन-तीन फिल्मवर येतात त्या फार तर जाड स्लाइस. पातळ स्लाइस फिल्मवर येतच नाहीत, येऊ शकत नाहीत.

बरं, आलेल्या चौकटीही गोठलेल्या. प्रत्येक चौकोनाला हौन्सफील्ड एककात एक किंमत असते: पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास, ताजं गोठलेलं रक्त पन्नास ते सत्तर. मूळ फाइलमध्ये अशा किमतींच्या ४०९६ पायऱ्या मावतात. जेपीईजी फोटोत करड्या रंगाच्या २५६. त्यामुळे रेडिओलॉजिस्ट स्क्रीनवर ‘विंडो’ (किमतींचा जेवढा पट्टा करड्या छटांत दाखवायचा तेवढा) सरकवत बसतो: फुप्फुसं पाहताना मध्य उणे सहाशे आणि रुंदी पंधराशे, मेंदू पाहताना मध्य चाळीस आणि रुंदी ऐंशी. फिल्मवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोत ती विंडो कुणीतरी आधीच ठरवून टाकलेली असते, मागचे आकडे गेलेले असतात.

यात नुकसान काय होतं? पोटाच्या साध्या, कॉन्ट्रास्टविना (शिरेतून औषध न देता) केलेल्या सीटीत अ‍ॅड्रिनल (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीत दीड-दोन सेंटिमीटरची गाठ योगायोगाने दिसते. असं बरेचदा होतं. त्या गाठीवर कर्सर ठेवून किंमत मोजायची. ती एकसारखी असून दहा किंवा त्याहून कमी आली तर गाठीत चरबी भरपूर आहे, साधा अ‍ॅडिनोमा आहे, कॅन्सरची काळजी बहुतेक मिटली. एवढं काम मूळ फाइल असेल तर दहा सेकंदांचं. रिपोर्टमध्ये ती किंमत लिहायची राहून गेली असेल आणि हातात फक्त फिल्म असेल, तर जगातला कुठलाही डॉक्टर फिल्मकडे बघून ती मोजू शकत नाही. मग सीटी पुन्हा. पुन्हा पैसे, पुन्हा दिवस मोडणं, आणि छाती किंवा पोटाच्या एका सीटीत मिळणारे किरणोत्साराचे साधारण सहा ते दहा मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून जगभर सरासरी वर्षाला मिळतात त्या २.४ मिलिसिव्हर्टच्या अडीच ते चार पट.

म्हणून मुद्दा थेट मांडतो. स्कॅन क्लाउडवर ठेवावेत की नाहीत, हा वाद आता जुना झाला आहे, ठेवावेतच. भांडायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीवर. मूळ स्कॅन, पातळ स्लाइससकट, पेशंटला मागितल्याक्षणी पूर्ण मिळाला पाहिजे आणि दुसऱ्या कुठल्याही दवाखान्याच्या सिस्टीममध्ये तो विनातक्रार उघडला पाहिजे. हे होत नसेल तर क्लाउड म्हणजे नुसतं दूरचं कुलूप.

आधी क्लाउडची बाजू, कारण तिच्याबद्दल अजूनही डॉक्टरमंडळींत धाकधूक आहे. ‘आमचा डेटा आमच्या बिल्डिंगमध्ये सुरक्षित’ असं म्हणणाऱ्यांनी आपला सर्व्हर कुठे ठेवलाय ते जाऊन पाहावं. एमआरआयचं मशीन काही टनांचं, म्हणून ते तळमजल्यावर किंवा तळघरात. सीटी त्याच्या शेजारी. आणि स्कॅन साठवणारा डबा सीटीच्या कन्सोलखाली (मशीन चालवायच्या कॉम्प्युटरखाली), टेबलाच्या पायाशी, यूपीएसच्या बाजूला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी कुठवर चढलं होतं ते आठवा. बरं, पूर लागतोच असंही नाही. दोन हार्ड डिस्कच्या डब्यातली एक डिस्क गेली, तिचा लाल दिवा सहा महिने कुणी पाहिला नाही, आणि मग दुसरी गेली. आर्काइव्ह संपायची ही सर्वांत नेहमीची रीत आहे.

दुसरी गोष्ट खर्चाची. एखाद्या तालुक्याच्या ठिकाणच्या सेंटरचा हिशेब मांडू. रोज पंधरा सीटी, प्रत्येकी ३०० एमबी. दहा एमआरआय, प्रत्येकी २००. पन्नास डिजिटल एक्स-रे, प्रत्येकी बारा-एक एमबी. दिवसाला सात जीबी, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर दोन टेराबाइटच्या थोडं वर. माहिती तसूभरही न गमावता दाबली (जेपीईजी २००० किंवा जेपीईजी-एलएस पद्धतीने, ‘लॉसलेस’) की ती निम्म्याहून कमी होते, म्हणजे एक टेराबाइट धरा. देशातल्याच डेटा सेंटरमध्ये चटकन मिळणाऱ्या साठ्याचा दर ढोबळमानाने जीबीला महिन्याला दोन रुपये. एक सीटी दाबून १३० एमबी झाला, तर त्याला वर्षाला तीन रुपये. पाच वर्षांना पंधरा-सोळा. सहा महिन्यांनी तो थंड (क्वचित लागणाऱ्या वस्तूंच्या, स्वस्त) साठ्यात ढकलला तर त्याच्याही खाली. सॉफ्टवेअरचं भाडं आणि माणसाचा पगार वेगळा, हे मान्य. पण ‘साठवायला परवडत नाही म्हणून पातळ स्लाइस पुसतो’ हे कारण आता कुणी सांगू नये.

आणि नेमकं तेच चाललेलं असतं. सीटीच्या कन्सोलची डिस्क भरत आली की मशीन सर्वांत जुने स्कॅन आपोआप पुसतं. पुढे आर्काइव्हला पाठवल्या जातात त्या पाच मिलिमीटरच्या जाड स्लाइस, कारण इंजिनिअरने मशीन बसवताना तसं सेट केलं आणि नंतर कुणी बदललं नाही. पातळ स्लाइस आठवडा-पंधरा दिवस कन्सोलवर राहतात आणि मग कायमच्या जातात. फुप्फुसातल्या सहा मिलिमीटरच्या गाठीचा पाठपुरावा करायचा असेल तर पाच मिलिमीटरच्या स्लाइसवर ती गाठ एक-दोन चौकटींत कशीबशी दिसते. वाढली की नाही, हे त्यावरून शपथेवर कोण सांगणार? कॅन्सरच्या उपचारात गाठींच्या मापांची बेरीज वीस टक्के आणि किमान पाच मिलिमीटर वाढली तर ‘आजार वाढला’ असं धरतात आणि औषध बदलतात. हे माप आधीच्या स्कॅनशी ताडूनच घ्यावं लागतं. आधीचा स्कॅन पिशवीत असेल तर ताडणार कशाशी?

अपलोडला वेळ लागतो, ही तक्रारही अर्धवट खरी आहे. १३० एमबी दहा एमबीपीएस अपलोडच्या लाइनवर पावणेदोन मिनिटांत जातात. घोळ होतो तो सेंटरवाले प्लॅन घेताना डाउनलोडचा आकडा बघतात म्हणून. ‘शंभरची लाइन’ घेतात आणि तिचा अपलोड प्रत्यक्षात तीन-चार निघतो. लकव्याच्या पेशंटचा डोक्याचा सीटी तर दाबून तीस-पस्तीस एमबीचाच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांत द्यायचं असतं. त्यातला तासभर गाडीत जातो, अर्धा तास नातेवाइकांच्या होकारात. डोक्याचा सीटी जिल्ह्याच्या न्यूरोलॉजिस्टला अर्ध्या मिनिटात मूळ रूपात दिसत असताना त्याला ट्यूबलाइटसमोर धरलेल्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवणं हा निव्वळ आळस आहे. (अडीनडीला फोटो पाठवण्यात गैर काही नाही. मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी व्हॉट्सअ‍ॅपसारख्या साधनांनाही जागा दिली आहे. अडीनडीची सवय पडली की मात्र पंचाईत.)

आता त्या लिंककडे येऊ. काउंटरवरची मुलगी म्हणते, ‘मावशी, सगळं मोबाइलवर आलंय, लिंक उघडा फक्त.’ मावशींकडे साधा फोन. लिंक गेलेली असते पुण्यातल्या मुलाच्या नंबरवर, आणि ओटीपीही तिकडेच. ओपीडीत डॉक्टरकडे एका पेशंटला चार-पाच मिनिटं. त्यात मुलाला फोन, ओटीपी, मग त्या कंपनीचा व्ह्यूअर उघडणार, तो आधी दाबलेली जेपीईजी चित्रं दाखवणार, आकडे मोजू देणार नाही. डाउनलोडचं बटण असलंच तर त्यातून रिपोर्टची पीडीएफ येते. महिन्या-तीन महिन्यांनी लिंक मरते. दुसऱ्या सेंटरची लिंक दुसऱ्या कंपनीची, तिसऱ्याची तिसरी. एका पेशंटच्या तीन वर्षांच्या पाच तपासण्या शेजारी-शेजारी लावून पाहायच्या तर पाच दरवाजे आणि त्यातले चार बंद. यापेक्षा सीडी बरी होती असं म्हणायची वेळ येते, आणि सीडीचे हाल तर सगळ्यांना ठाऊक: ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर सापडत नाही, सापडला तर सीडीतला व्ह्यूअर चालत नाही, आणि चार फेजचा (तोच भाग चार वेळा काढलेला) पोटाचा सीटी एक जीबीचा असल्याने ७०० एमबीच्या सीडीत मावतच नाही, म्हणून टेक्निशियनने ‘महत्त्वाच्या’ तेवढ्याच स्लाइस कोंबलेल्या.

हे सगळं तांत्रिक मागासलेपणामुळे होतं असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. डायकॉम हा स्कॅनचा जागतिक साचा १९८५ पासून घडत आला, १९९३ मध्ये आजच्या रूपात आला. कुठल्याही कंपनीच्या मशीनचा स्कॅन कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरने उघडावा, हाच त्याचा जन्मोद्देश. वेब लिंकवरून मूळ फाइल शोधणं, मागणं आणि पाठवणं यासाठी डायकॉम-वेब नावाचे नियमही ठरलेले आहेत. पैसे नसतील तर बेल्जियममधल्या लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयात जन्मलेला ऑर्थँक हा सर्व्हर फुकट आहे. म्हणजे रस्ता बांधून तयार आहे; त्यावर आडवे बांबू आपण लावले आहेत.

बांबू कुणाच्या सोयीचे? स्कॅन सहज हलू लागला की पुन्हा स्कॅन कमी होतात, आणि पुन्हा स्कॅन हा धंद्याचा भाग आहे. ‘आमच्या ओळखीच्या सेंटरमधूनच करून आणा’ या वाक्यामागे कधी दर्जाची काळजी असते आणि कधी कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन. तिच्यावर कायदा करण्यासाठी महाराष्ट्रात २०१७ मध्ये मसुदाही तयार झाला होता, त्यावरून रोगाचा पसारा लक्षात यावा. न्यायाने हेही सांगायला हवं की पुन्हा स्कॅन दर वेळी खोटा नसतो. पेशंट हलला होता, कॉन्ट्रास्टची हवी ती फेज घेतलीच नव्हती, गुडघ्याच्या एमआरआयला नको तो क्रम लावला होता, अशी खरी कारणं असतात. पण ती खरी आहेत की नाहीत हे ठरवायलाही आधीचा मूळ स्कॅनच समोर लागतो.

कायदा काय म्हणतो? जेवढं म्हणायला हवं तेवढं म्हणत नाही. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा प्रकरणात रुग्णाला किंवा नातेवाइकांना केसपेपरच्या प्रती देणं हे रुग्णालयाचं कर्तव्य ठरवलं. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेने मागणी झाल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायला सांगितलं आणि तीन वर्षं जपायला सांगितलं. मात्र ती तीन वर्षं दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदींना. सेंटरमध्ये सकाळी येऊन दुपारी जाणारा पेशंट दाखल कुठे होतो? केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. सीटी मशीन चालवायला अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना लागतो, सोनोग्राफीला गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी लागते. किरण किती सांडले याचा हिशेब आहे, गर्भलिंगतपासणीवर नजर आहे. स्कॅनचं पुढे काय झालं, हे विचारणारा कुणी नाही.

मग आला २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, म्हणून सेंटरवाले वकिलांकडे धावले. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागण्याचा हक्क त्यात आहे, म्हणजे मराठीतही आणि कोकणीतही. चांगलं आहे. पण २०१९च्या विधेयकात असलेला एक हक्क या कायद्यातून गळला, तो म्हणजे डेटा पोर्टेबिलिटी: माझी माहिती मला वापरता येईल अशा रूपात द्या किंवा मी सांगेन त्याच्याकडे पाठवा. कायद्याने ‘सारांश’ मिळण्याचा हक्क दिला. साडेतीनशे स्लाइसचा सारांश घेऊन माणसाने काय करायचं? मोबाइलचा नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो, विमा नेता येतो. स्वतःच्या फुप्फुसाचं चित्र नेता येत नाही. केंद्राकडून ती दुरुस्ती कधी येईल ते येवो, राज्य सरकारला तोवर थांबायची गरज नाही. शासकीय रुग्णालयांतले सीटी जिथे खासगी भागीदारीवर चालतात तिथे करार राज्याचा असतो. त्या करारात एक पान वाढवायला कुठलं विधेयक लागत नाही.

सुरक्षेचा प्रश्न मी टाळत नाही, उलट तोच क्लाउडविरोधकांचा सर्वांत मोठा मुद्दा असल्याने जरा खोलात जाऊ. काही वर्षांपूर्वी ग्रीनबोन या जर्मन सुरक्षा कंपनीने इंटरनेटवर उघड्या पडलेल्या स्कॅनची पाहणी पुन्हा केली तेव्हा भारतातल्या राज्यांत महाराष्ट्र पहिला होता: तीन लाखांहून जास्त तपासण्या आणि त्यांतल्या जवळपास सात कोटी प्रतिमा. हे कुणी फोडलं नव्हतं. डायकॉम मुळात रुग्णालयाच्या चार भिंतींत बोलण्यासाठी बनलेलं. एक सर्व्हर दुसऱ्याला आपलं सोळा अक्षरांपर्यंतचं नाव सांगतो आणि बोलणं सुरू होतं; पासवर्ड बहुतेक ठिकाणी नसतोच, आणि कित्येक सर्व्हर तर कुठलंही नाव चालवून घेतात. डॉक्टरांना घरून स्कॅन बघायचे होते म्हणून कुणीतरी राउटरवर १०४ किंवा ११११२ हा पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं दार, बाहेरच्या जगाला उघडून दिला. झालं. घराला पाटी आहे पण कडी नाही. लक्षात घ्या, हे बहुतांशी सेंटरमधले स्वतःचे सर्व्हर होते, ‘आमच्या बिल्डिंगमधले’. २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला तेव्हाही कुलूपबंद झालेला सुमारे १.३ टेराबाइट डेटा रुग्णालयाच्या आवारातल्या सर्व्हरवर होता. तो परत मिळाला, कारण एक बॅकअप सर्व्हर वाचला होता.

तेव्हा नीट करायचं तर असं. सेंटरमध्ये एक छोटा गेटवे कॉम्प्युटर, मशीनं त्याच्याशी आतल्या आत बोलतात. त्याच्यातून बाहेर जाणारं एकच दार, ४४३ पोर्टवरून, टीएलएसने गुंडाळलेलं (वाटेत कुणाला वाचता न येणारं). बाहेरून आत येणारं एकही नाही. गेटवेवर शेवटच्या तीस-एक दिवसांचे स्कॅन राहतात, म्हणजे लाइन गेली तरी काम थांबत नाही. स्लाइस मोजून पाठवायच्या आणि मोजून घ्यायच्या. क्लाउडने ‘३५० मिळाल्या, जपतो’ अशी पोच दिल्याशिवाय कन्सोलवरून पुसायचं नाही. डायकॉममध्ये या पोचपावतीची सोय आहे, ती चालू करायचा मात्र कंटाळा असतो. एक प्रत अशी, की ठरावीक मुदतीत ती मालकालाही पुसता येणार नाही. आणि वर्षातून दोनदा जुना एखादा स्कॅन खरोखर परत मागवून उघडून पाहायचा. पेशंटच्या लिंकच्या शेवटी सरळ चढता क्रमांक नको. एक आकडा बदलून शेजाऱ्याचं पोट दिसायला नको. जन्मतारीख हा पासवर्ड नव्हे: शंभर वर्षांत तारखा साडेछत्तीस हजार, कॉम्प्युटरला चहाच्या घोटाइतकं काम.

खरी किचकट बाब नावांची आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. ‘पाटील सुनीता बी’, ‘सुनीता भाऊसाहेब पाटील’, ‘सुनिता पाटील ४५ वर्षे’ ही एकच बाई तीन सेंटरांत तीन पेशंट होते. रिसेप्शनवर एकदा टाइप केलेलं नाव मशीनने वर्कलिस्टमधून (तपासणीच्या पेशंटांच्या यादीतून) उचलायचं असतं. घाईत टेक्निशियन तेच नाव पुन्हा हाताने टाकतो आणि स्पेलिंग बदलतं. अपघातात आलेला ‘इमर्जन्सी १’ म्हणून नोंदला जातो, संध्याकाळी नाव कळल्यावर सेंटरच्या सर्व्हरवर दुरुस्त होतो, पण क्लाउडवर तोवर गेलेली प्रत ‘इमर्जन्सी १’च राहते. देवनागरीत नाव टाकलं आणि फाइलमध्ये अक्षरसंच युनिकोड असल्याची खूण नसेल तर पलीकडे प्रश्नचिन्हांची माळ उमटते. मशीनचं घड्याळ चुकलं तर आधीचा स्कॅन नंतरचा ठरतो. चौदा आकडी आभा क्रमांक (आयुष्मान भारतचा प्रत्येकाचा आरोग्य क्रमांक) स्कॅनच्या नोंदीतच घातला तर यातला निम्मा गुंता सुटेल. तो रिपोर्टच्या पीडीएफवर छापून काही साधत नाही.

आभाचं नाव निघालंच आहे. २७ सप्टेंबर २०२१ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची मूळ कल्पना मला पटते: माहिती जिथे तयार झाली तिथेच राहील, पेशंटने संमती दिली की तेवढी तिकडे जाईल. तिची प्रमाणकं पुण्यात सी-डॅकमधलं राष्ट्रीय केंद्र बनवतं आणि त्यांत प्रतिमांसाठीही साचा आहे. पण या रस्त्यावरून सध्या प्रामुख्याने धावते ती रिपोर्टची पीडीएफ. तिच्यासोबत मूळ स्कॅनचा पत्ता, म्हणजे त्या तपासणीचा जगात एकमेव असणारा क्रमांक आणि तो कुठल्या सर्व्हरवर आहे एवढी ओळ गेली तरी पुरे. संमती असेल तर पुढचा डॉक्टर स्वतः मागवून घेईल. राज्याने सगळे स्कॅन एका गोदामात भरावेत, अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. एस्टोनियाने २००५ पासून देशाची एक चित्रपेढी चालवली आहे, खरं आहे. तो देश तेरा लाखांचा, महाराष्ट्र २०११च्या जनगणनेतच सव्वाअकरा कोटींचा. शिवाय राज्याचं गोदाम राज्याच्या सीमेवर थांबतं. दोडामार्ग-सावंतवाडीचा पेशंट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातो, त्याचं काय? यादी एक असावी, साठे अनेक असावेत.

एक आठवण इथे करून द्यायला हवी. कोल्हापुरात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने सोनोग्राफी मशीनना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ (प्रतिमा आपोआप नोंदवून ठेवणारी उपकरणं) जोडले गेले, त्यावर रेडिओलॉजिस्टांची संघटना न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते जोडणं योग्य ठरवलं. प्रतिमा जपून ठेवायला आपण सक्ती करू शकतो, हे तेव्हाच सिद्ध झालं. ती सक्ती सरकारला पाहता यावं म्हणून होती. पेशंटला पाहता यावं म्हणून तेवढीच सक्ती का होऊ नये?

आणखी एक वाट क्लाउडवरून फुटते, एआयची. हजारो स्कॅन एका ठिकाणी आले की ते शिकवणीला विकता येतात. ‘नाव काढून टाकलंय’ हे उत्तर अपुरं आहे: डोक्याच्या पातळ स्लाइसवरून चेहरा उभा करता येतो, आणि सोनोग्राफीच्या चित्रात नाव पिक्सेलमध्येच भाजलेलं असतं, फाइलमधला नावाचा टॅग पुसून ते जात नाही. संमतीच्या फॉर्मवर उपचारासाठी एक सही आणि शिकवणीसाठी वेगळी सही हवी. दुसरी नाकारली म्हणून स्कॅन अडता कामा नये. कायद्यात संमती ‘विनाअट’ असावी असा शब्द आहे, तो इथे लावायचा.

करारात, मग तो राज्याचा असो की सेंटरचा क्लाउड कंपनीशी, लिहायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. पातळ स्लाइस साठवणं बंधनकारक. मुदत किमान पाच वर्षं, दाखल असो वा नसो. पाच यासाठी, की फुप्फुसातल्या काही धूसर गाठींचा पाठपुरावाच पाच वर्षं करायचा असतो. पेशंटला मूळ डायकॉम फाइल डाउनलोड, विनाशुल्क. आणि सोडचिठ्ठीचं कलम, जे सगळे विसरतात. क्लाउडमध्ये माल आत टाकणं स्वस्त, बाहेर काढणं महाग: जीबीला आठ-नऊ रुपये धरले तर दहा टेराबाइटचे ऐंशी-नव्वद हजार, आणि शंभर एमबीपीएसच्या लाइनवर अखंड नऊ दिवस. कंपनी बदलताना हे पैसे कोण भरणार, फाइली मूळ डायकॉममध्येच परत येणार की कंपनीच्या खास डब्यात, नावांच्या दुरुस्त्या सोबत येणार की नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं. नंतर विचारलं तर ‘सपोर्टला मेल टाका’ असं उत्तर येतं.

हे होईपर्यंत पेशंटने काउंटरवर एवढं करावं. ‘सीडी द्या’ म्हणू नये. ‘पातळ स्लाइससकट डायकॉम द्या’ म्हणावं, डीव्हीडीवर किंवा डाउनलोडने. पेनड्राइव्ह पुढे करू नये, व्हायरसच्या भीतीने तो नाकारतात आणि ते बरोबरच करतात. मिळालेल्या फोल्डरची साइज बघावी. छातीचा सीटी आणि सगळं मिळून वीस-पंचवीस एमबी भरलं, तर जाड स्लाइस किंवा नुसती चित्रं दिली आहेत. दाबलेल्या पातळ स्लाइसही सत्तर-ऐंशीच्या खाली सहसा जात नाहीत. आणि हे त्याच दिवशी विचारावं, कन्सोलवर स्लाइस अजून आहेत तोवर.